फोटोच्या पाठीमागचे नाव

आयर्लंडच्या साध्या माणसांनी आपले पूर्वज कसे शोधून काढले?

न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचे एक लहानसे बेट आहे. परदेशातून पोटापाण्यासाठी अमेरिकेत येणाऱ्यांची नोंद करणारे सरकारी केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी या बेटावर उघडले. पहिल्या दिवशी पहिले नाव लिहिले गेले ते एका आयरिश मुलीचे. ॲनी मूर तिचे नाव. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून दोन धाकट्या भावांचा हात धरून ती बोटीने आली होती. आईबाप आधीच न्यूयॉर्कला येऊन राहिले होते. केंद्राच्या अधिकाऱ्याने तिच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. वर्तमानपत्रांनी तिचे वय पंधरा छापले; ती खरी सतरा वर्षांची होती. पुढे १९९३ साली एलिस आयलंडवर आणि ज्या कोव्ह बंदरातून ती निघाली होती तेथेही तिचे पुतळे उभे राहिले.

पण बेटावरून उतरल्यावर या मुलीचे पुढे काय झाले? अनेक वर्षे याचे एकच उत्तर दिले जात होते. ती म्हणे पश्चिमेला टेक्सास राज्यात गेली, तिथे तिचा संसार झाला आणि १९२३ साली गाडीखाली सापडून ती वारली. टेक्सासमधील एका कुटुंबाचा तसा मनापासून विश्वास होता. पुस्तकांतही तेच लिहिले गेले.

मेगन स्मोलेन्याक नावाच्या वंशावळी शोधणाऱ्या बाईंनी मात्र कागद उघडून पाहिले. टेक्सासची ॲनी मूर आयर्लंडात जन्मलीच नव्हती. तिचा जन्म अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला! मग खरी ॲनी कुठे गेली? २००६ साली बाईंनी एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. न्यूयॉर्क शहराच्या दप्तर विभागाचे प्रमुखही शोधाला लागले. थोड्याच आठवड्यांत धागा सापडला. तो ॲनीच्या कागदावर सापडला नाही, तर फिलिप या धाकट्या भावाच्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर सापडला. भावावरून त्याची मुलगी, मुलीवरून नातू आणि नातवावरून ॲनी.

खरी ॲनी टेक्सासला कधी गेलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतच तिचा जन्म सरला. जर्मन घराण्यातील एका मुलाशी तिने लग्न केले. दहा-अकरा मुले झाली, त्यांतली पाचच वाढून मोठी झाली. १९२४ साली ती वारली. तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला २००८ साली.

वाचक बंधू-भगिनींनो, पुतळा उभा होता, पण ज्या बाईचा पुतळा होता तिच्या कबरीवर नाव नव्हते! सांगायला सोपी गोष्ट टेक्सासची होती. खरी गोष्ट चाळीतल्या बाईची होती. आणि ती रजिस्टरच्या रकान्यात दडून बसली होती.

मी स्वतः कारकून माणूस आहे. रकाने भरणे हेच माझे काम. म्हणून आयरिश लोकांच्या या शोधाचे मला अधिक अप्रूप वाटते. अमेरिकेत आज तीन कोटींहून अधिक लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात. त्यांच्या पणजोबांकडे ना जमीन होती, ना किताब. तरीही ती माणसे सापडतात. कशी सापडतात, ते पाहण्यासारखे आहे.

दप्तर जळाले

आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य होते. बहुसंख्य लोक कॅथलिक. अठराव्या शतकात त्यांच्यावर असे कायदे लादले गेले की त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती आणि स्वतःच्या शाळाही उघडपणे चालवता येत नव्हत्या. कुंपणाच्या आडोशाला बसून मास्तर मुलांना शिकवीत. पुढे १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. १८४१ साली देशाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१ साली ती ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख लोक भुकेने आणि रोगराईने मेले, तितकेच किंवा त्याहून जास्त बोटीत बसून देशोधडीला लागले. आजचे शोधणारे बहुतेक त्यांचेच नातू-पणतू.

ते शोधायला जातात आणि पहिलाच अडथळा समोर येतो. १९२२ साली आयर्लंडमध्ये आपसांत युद्ध पेटले होते. डब्लिन शहरातल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात देशाचे जुने दप्तर ठेवलेले होते. ३० जून १९२२ रोजी तिथे प्रचंड स्फोट झाला आणि सातशे वर्षांचे कागद जळाले. जळके तुकडे शहरभर उडत होते. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणना त्यात जवळजवळ संपूर्ण गेल्या.

आता पुढची गोष्ट ऐका. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद आकडे काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई म्हणून लगद्याला गेले. म्हणजे चार जनगणना आगीत गेल्या आणि चार हुकमाने! आगीला तरी दोष देता येतो. हुकूम काढणाऱ्याला वाटले असेल, एकूण बेरीज हाती आली, आता एकेकाचे नाव कशाला जपायचे? गरिबाचे नाव असेच बेरजेत हरवते.

मात्र या आगीत एक उलटा न्यायही झाला. इंग्रजी राजसत्तेचे जे अधिकृत चर्च होते, त्याची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरे सरकारी दप्तर मानली गेली होती. म्हणून ती मोठ्या संख्येने डब्लिनला आणून ठेवली होती, आणि जळाली. कॅथलिक गोरगरिबांची रजिस्टरे सरकारने आपली मानलीच नव्हती. ती खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये धूळ खात पडली होती. ती वाचली! २०१५ साली आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे संगणकावर सर्वांना फुकट खुली केली.

उरलेले रकाने

१९०१ आणि १९११ या दोन जनगणना पूर्ण शाबूत आहेत, आणि त्याही आज कोणालाही फुकट पाहता येतात. विशेष म्हणजे घरोघरी भरलेले मूळ फॉर्मच जपले गेले. त्यामुळे पणजोबांची सही त्यांच्याच हातची दिसते. ज्याला लिहिता येत नव्हते त्याने फुली मारलेली, आणि शेजारी साक्षीदाराची सही. आपल्याकडे अंगठा, तिकडे फुली. वाचता येते का, लिहिता येते का, आयरिश भाषा बोलता येते का, असे रकाने आहेत. घराला खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती, छप्पर गवताचे की पक्के, हेही दुसऱ्या कागदावर लिहिलेले आहे.

१९११ च्या फॉर्मवर लग्न झालेल्या बाईसाठी तीन रकाने होते. लग्नाला किती वर्षे झाली? मुले किती जन्मली? आज हयात किती? एका ओळीत बाईचा सारा जन्म! एखादी नात हा कागद उघडते. 'नऊ' आणि 'पाच' असे दोन आकडे तिला दिसतात. मग लहानपणी पाहिलेली पणजी उगीच गप्प का बसायची, ते तिला कळते.

जनगणनेच्या आधीच्या काळासाठी जमीन मोजणाऱ्यांचे दप्तर कामी येते. रिचर्ड ग्रिफिथ या अधिकाऱ्याने १८४७ ते १८६४ या काळात सारा बसवण्यासाठी देशभर घरे आणि जमिनी मोजल्या. कसणारा कोण आणि त्याला जमीन देणारा कोण, दोघांची नावे त्यात आहेत. आयर्लंडात 'टाउनलँड' म्हणजे वाडीसारखा जमिनीचा लहानात लहान भाग. अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँडे आहेत. परगण्याचे नाव माहीत असून भागत नाही, वाडीचे नाव लागते. आणि वाडीचे नाव बहुधा कागदावर नसते. ते घरातल्या म्हाताऱ्या आत्याच्या तोंडी असते!

वादळाची रात्र आणि पेन्शन

आता म्हाताऱ्यांच्या आठवणींचा एक मजेदार किस्सा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरच्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाले. पण वय सिद्ध कसे करायचे? आयर्लंडात सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्यांकडे सरकारी दाखला कुठून येणार?

मग एक तोडगा निघाला. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आले होते. छपरे उडाली, झाडे मोडली, माणसे मेली. लोक तिला 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणत. ज्या म्हाताऱ्याला ती रात्र आठवते तो सत्तरीचा असलाच पाहिजे! मग काय, ज्याला त्याला ती रात्र आठवू लागली. म्हणूनच १९०१ च्या जनगणनेत अठ्ठावन्न वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये एकदम एकाहत्तरचा झालेला दिसतो. शोधणारा नातू गोंधळतो, की ही दोन माणसे की एकच?

हसू येते खरे. पण पाच शिलिंगांसाठी वय वाढवणारा तो माणूस उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबला होता, हेही विसरू नये. याच पेन्शनसाठी अनेकांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून आपल्या घराचा उतारा मागितला. उतारे काढणाऱ्या कारकुनांनी शोधाच्या फॉर्मवर घरातल्या माणसांची नावे उतरवून घेतली. मूळ जनगणना १९२२ मध्ये जळाली, हे फॉर्म मागे राहिले. म्हाताऱ्यांच्या अर्जांमुळे कित्येक कुटुंबांची नावे राखेतून वाचली.

बदललेली नावे

शोधात नावे फार फसवतात. आयरिश भाषेतली आडनावे इंग्रजांच्या दप्तरात इंग्रजी वळणाची झाली. पुढचे 'ओ' आणि 'मॅक' गळाले. लोहाराचा मुलगा या अर्थाचे 'मॅक अन गोवन' हे आडनाव कुठे मॅगोवन झाले, तर कुठे सरळ भाषांतर होऊन स्मिथ झाले. चर्चमध्ये पाद्री लॅटिन लिहायचे, म्हणून घरातला जेम्स रजिस्टरात जाकोबुस होतो आणि विल्यम गुलिएल्मुस. शोधणाऱ्याला एकाच माणसाची तीन-तीन नावे ध्यानात ठेवावी लागतात.

आयरिश घरांत मुलांची नावे ठेवण्याची एक रीत मात्र उपयोगी पडते. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे. मुलींचेही तसेच. नातवंडांच्या नावांवरून आजोबांचे नाव ताडता येते. अर्थात ताडलेले नाव म्हणजे पुरावा नव्हे. त्याला बाप्तिस्म्याच्या नोंदीची जोड हवी. त्या नोंदीत मुलाला ओटीत घेणाऱ्या धर्ममाता-धर्मपित्यांची नावे असतात, आणि ती माणसे बहुधा मावशी, काका अशी जवळचीच असतात.

बाजारात आडनावानुसार घराण्याच्या ढालीचे चित्र विकत मिळते. पर्यटक हौसेने घेतात. पण आडनाव मर्फी आहे म्हणून कोणी राजाचा वंशज ठरत नाही. मर्फी हे आयर्लंडातले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे!

फोटो आणि अमेरिकेचे पत्र

मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की आदल्या रात्री घरी शेजारीपाजारी जमत. गाणे, नाच आणि रडणे. त्याला लोक 'अमेरिकेचे जागरण' म्हणत. मेलेल्या माणसाजवळ रात्रभर बसण्याची जी रीत, तीच जिवंत मुलासाठी. कारण तो परत दिसेल याची आशा नसे. मागे उरायची ती त्याची पत्रे, पत्रातले पैसे, आणि एखादा फोटो.

हे फोटो आज शोधाचे मोठे साधन आहेत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोखाली स्टुडिओचे नाव आणि पत्ता छापलेला असतो. तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी होता, हे शहराच्या जुन्या व्यवसाय-सूचीतून कळते. बायांच्या पोलक्याच्या बाह्या, पुरुषांच्या कॉलर, पुठ्ठ्याचा आकार यांवरून दशक ठरवता येते. पण एक सावधगिरी हवी. स्टुडिओतली खुर्ची, पडदा, कधी कधी अंगावरचा कोटसुद्धा उसना असे. घरच्यांना वाटावे, पोरगा सुखात आहे. फोटोत दिसते ती माणसाची इच्छा. त्याची परिस्थिती भाड्याच्या पावतीत दिसते.

आणि परदेशात हरवलेल्यांचे काय? बोस्टनच्या 'पायलट' या वर्तमानपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत 'हरवलेले स्नेही' या सदरात जाहिराती येत. भाऊ भावाला शोधतो आहे, बायको नवऱ्याला शोधते आहे. अमुक गावचा, अमुक साली निघाला, शेवटचे पत्र अमुक ठिकाणाहून आले. त्या जाहिराती आज नातवंडांसाठी पुरावा झाल्या आहेत. काही आयरिश तरुण गोऱ्या पलटणींतून भरती होऊन आपल्या मुंबई-पुण्याकडेही आले होते. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधील बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कॉर्कहून निघालेला भाऊ अशा एखाद्या प्रतीत सापडू शकतो.

जोडे शिवणाऱ्याचा वंशज

अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष बराक ओबामा यांची आई गोरी होती. तिच्या बाजूने पाच पिढ्या मागे गेल्यावर एक आयरिश तरुण लागतो. त्याचे नाव फाल्मथ कार्नी. आयर्लंडच्या मनीगॉल या खेड्यात त्याचा बाप जोडे शिवायचा. दुष्काळाने पोळलेल्या देशातून १८५० साली हा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कला उतरला. तेथील चर्चच्या जुन्या रजिस्टरांतून या कुटुंबाचा दुवा जुळला. मे २०११ मध्ये अध्यक्ष ओबामा त्या खेड्यात गेले. जोडे शिवणाऱ्याच्या घरातून महासत्तेच्या अध्यक्षापर्यंत! वंशाच्या शुद्धतेचा तोरा मिरवणाऱ्यांनी हा कागद नीट वाचावा.

७९६ दाखले

पण पूर्वजांचा शोध हा नेहमीच आनंदाचा नसतो. लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींना आयर्लंडात घराबाहेर काढीत. त्यांना नन्सनी चालवलेल्या आश्रमांत ठेवीत आणि मूल आईपासून तोडून दत्तक देत. ट्युअम या गावात १९२५ ते १९६१ असा एक आश्रम होता. त्या गावातल्या कॅथरिन कॉर्लेस या बाई लहानपणी आश्रमातल्या मुलींबरोबर एकाच शाळेत होत्या. ती मुले वर्गात वेगळी बसवली जात. एकदा थट्टा म्हणून कॅथरिननी गोळीचा रिकामा कागद गुंडाळून आश्रमातल्या एका मुलीला दिला. ती गोष्ट त्यांना जन्मभर टोचत राहिली.

मोठेपणी त्यांनी घरबसल्या गावाचा इतिहास लिहायला घेतला. आश्रमात मेलेली मुले कुठे पुरली, असा साधा प्रश्न विचारला. उत्तर मिळेना. मग त्यांनी एकेका मुलाच्या मृत्यूचा दाखला पैसे भरून मिळवला. एक, दोन, दहा करत दाखले झाले ७९६! ते त्यांनी आसपासच्या दफनभूमींच्या रजिस्टरांशी ताडून पाहिले. जवळजवळ कोणाचीच नोंद नव्हती. गावातल्या लोकांची आठवण होती की १९७५ च्या सुमारास खेळणाऱ्या मुलांना तिथे एका दगडाखाली हाडे दिसली होती. कागद आणि आठवण एकत्र आली तेव्हा सरकारला हलावे लागले. मार्च २०१७ मध्ये चौकशी आयोगाने तिथे जमिनीखाली बालकांचे अवशेष असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२१ मध्ये देशाच्या पंतप्रधानांनी माफी मागितली. जुलै २०२५ मध्ये खोदकाम सुरू झाले. आपला भाऊ, आपली बहीण त्यात आहे का, हे कळावे म्हणून म्हातारे झालेले नातेवाईक आपल्या रक्ताच्या नात्याची तपासणी करून घेत आहेत.

दत्तक गेलेल्यांना आपला मूळ जन्मदाखला मिळण्याचा पूर्ण हक्क आयर्लंडात मिळाला तो २०२२ च्या कायद्याने. आईचे नाव कळायला माणसाची साठ-सत्तर वर्षे गेली!

हे काम कोणा मोठ्या विद्यापीठाने सुरू केले नाही. हाती पेन आणि दाखल्यांचा गठ्ठा घेतलेल्या एका गृहिणीने केले. रकाना हा निर्जीव असतो असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. एकेक दाखला म्हणजे एकेक लेकरू होते.

घरातल्या पेटीपासून सुरुवात

आयरिश लोकांच्या शोधाची रीत साधी आहे. सुरुवात स्वतःपासून करायची आणि एकेक पिढी मागे जायचे. थोर पूर्वज आधी ठरवून खाली यायचे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना आज विचारायचे, कारण रजिस्टर उद्याही उघडता येते, आजी उद्या असेलच असे नाही. ऐकलेले जसेच्या तसे लिहायचे, मग कागदाशी ताडायचे. कागद आणि गोष्ट जुळली नाही तर दोघांनाही पुन्हा प्रश्न विचारायचा. १९३७ ते १९३९ या काळात तर आयर्लंडच्या प्राथमिक शाळांतील हजारो मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी वह्यांत लिहून काढल्या. त्या वह्या आज राष्ट्रीय ठेवा आहेत. अकरा ते चौदा वर्षांच्या पोरांनी केलेले हे काम!

सरकारचे दप्तर जळते, लगद्याला जाते, कधी मुद्दाम गप्प बसते. त्या वेळी घरातली पेटी उपयोगी पडते. पण पेटीतला फोटोही मुका असतो. त्यातला तो फेटेवाला कोण, मांडीवरचे मूल कोणाचे, हे सांगणारे माणूस गेले की फोटो असून नसल्यासारखा.

म्हणून या रविवारी एवढेच करा. घरातली पेटी उघडा. आईला, मावशीला, थोरल्या काकांना जवळ बसवा. एकेक फोटो हातात द्या आणि विचारा. मग फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, नाव, गाव आणि साल लिहा. शाई पुढे फुटते, पेन्सिल टिकते.

ॲनी मूरच्या कबरीवर नाव यायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली. आपल्या आजीचे नाव लिहायला दोन मिनिटे लागतील.